प्राथमिक शिक्षणावरील सरकारी खर्च : विलायत व मुंबई इलाखा (इ. स. १८१३ ते १९१८)

इ. स. १८१३ च्या सनदेंत हिंदुस्थानांतील विद्यावृद्धीसाठीं दरसाल निदान एक लाख रुपये काढून ठेवण्याची तरतूद झाली. विलायतेंत पार्लमेंटानें शाळांसाठीं पहिला पैसा मंजूर केला तो त्यानंतर वीस वर्षांनीं, इ. स. १८३३ सालीं. ह्या दोन तारखा शेजारीं शेजारीं मांडून, शिक्षणाच्या बाबतींत इंग्रज सरकार घरच्या प्रजेच्या आधीं येथील प्रजेवर उदार झालें, असा निष्कर्ष कांहीं लेखक काढतात. उलट पक्षीं, दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत दक्षिणेखातीं वर्षास सुमारें पांच लाख रुपये वांटले जात व एल्फिन्स्टन साहेबांनीं ती रक्कम पन्नास हजारांवर आणली, एवढ्यावरून पेशवाईंत शिक्षणावर इंग्रजीच्या दसपट खर्च होत असे, असेंही सांगितलें जातें. दोन्ही पक्षांचे आंकडे खरे आहेत. दोन्ही पक्षांचे निष्कर्ष मात्र आम्हांस ग्राह्य वाटत नाहींत. कोणता पैसा, कोणाकडून आलेला, कोणत्या अटीवर व कोणासाठीं खर्च झाला, हें न पाहतां नुसत्या रकमा तोलल्यानें हा घोटाळा झाला आहे, असें आमचें मत आहे.

प्रथम सनदेचें कलम घेऊं. ४३ व्या कलमाची वाक्यरचना मीमांसकाच्या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. गव्हर्नर-जनरलांनीं विद्येवर खर्च करावाच, असा विधि त्यांत नाहीं. त्यांनीं तसें फर्माविल्यास तें कायदेशीर होईल, एवढी अनुज्ञा आहे. अनुज्ञेलाही पुन्हां बंधन आहे. मुलुखाच्या वसुलांतून लष्करी, मुलकी व व्यापारी खात्यांचा खर्च भागवावा, कर्जाचें व्याज द्यावें आणि मग जी शिल्लक उरेल तींतून हा लाख काढावा. ज्या काळांत कंपनी एकामागून एक लढाया करीत होती त्या काळांत शिल्लक किती उरणार, हें वाचकांस सांगावयास नको. कलमाचा विषय पाहिला तर वाङ्मयाचें पुनरुज्जीवन, एतद्देशीय विद्वानांस उत्तेजन व शास्त्रीय ज्ञानाचा प्रसार, एवढाच आहे. गांवच्या पोरास अक्षरओळख व्हावी, ह्याविषयीं कलमांत एक शब्द नाहीं. इ. स. १८२३ सालीं कलकत्त्यास सार्वजनिक शिक्षणाची समिति नेमली जाईपर्यंत हा लाख बहुतांशीं कागदावरच राहिला. सारांश, ज्या रकमेस प्राथमिक शिक्षणावरील पहिला सरकारी खर्च म्हणून पुढें केलें जातें, ती पहिलीं दहा वर्षें खर्चही झाली नाहीं, आणि झाली तेव्हां प्राथमिक शिक्षणावर झाली नाहीं.

विलायतेची रकम दिसावयास लहान होती. ता. १७ आगस्ट १८३३ रोजीं, अधिवेशन संपत आलें असतां, ओस पडलेल्या सभागृहांत ५० विरुद्ध २६ मतांनीं वीस हजार पौंड मंजूर झाले. पैसा गरीब वर्गाच्या मुलांसाठीं शाळागृहें बांधण्याकरितां होता. अट अशी, कीं निम्मा खर्च स्थानिक लोकांनीं वर्गणीनें उभा करावा. तेवढें झालें कीं उरलेला निम्मा सरकार देईल. वांटपासाठीं सरकारनें स्वतःचें खातें काढलें नाहीं. प्रॉटेस्टंट पंथाच्या दोन संस्था, नॅशनल सोसायटी व ब्रिटिश अँड फॉरेन स्कूल सोसायटी, आधींच शाळा चालवीत होत्या. त्यांच्यामार्फत पैसा गेला. श्रीमंत चर्चचा आधार असल्यामुळें वर्गणी जमविण्यांत नॅशनल सोसायटी वरचढ होती, आणि मोठा वांटा तिच्याकडे गेला. म्हणजे जेथें पैसा आधींच होता तेथें तो अधिक गेला, आणि जेथें वर्गणी देणारा कोणी नव्हता अशा दरिद्री वस्त्या तशाच राहिल्या. ह्या पद्धतीचा हा दोष विसरतां कामा नये.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. नॅशनल सोसायटी ज्या पद्धतीनें शाळा चालवी ती डॉ. बेल यांची. हे गृहस्थ इ. स. १७८९ पासून मद्रासेजवळ एग्मोर येथील अनाथ मुलांच्या आश्रमावर होते. तेथील एका गांवठी शाळेंत मुलें वाळूवर बोटानें अक्षरें गिरवीत आहेत व मोठा मुलगा धाकट्यांस शिकवीत आहे, हें त्यांनीं पाहिलें, आपल्या आश्रमांत तो प्रयोग केला आणि इ. स. १७९७ सालीं त्याचें वर्णन लंडनास छापलें. विलायतेंत हिला 'मद्रास पद्धति' म्हणत. तेव्हां पार्लमेंटाच्या पहिल्या पौंडांतून ज्या शाळा उठल्या त्यांपैकीं बहुतेकांत आमच्या धूळपाटीचाच संप्रदाय चालू होता. हीच पद्धति पुढें १८२० नंतरच्या दशकांत मुंबईस परत आली ती विलायती सुधारणा म्हणून.

आतां दक्षिणेकडे वळूं. ही चाल तळेगांवच्या दाभाड्यांची, इ. स. १७३१ च्या डभईच्या लढाईनंतर ती पेशव्यांकडे आली. श्रावणांत पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशीं रमण्यांत ब्राह्मण जमत. विद्वानांची परीक्षा होऊन त्यांस विद्वत्तेच्या मानानें रक्कम मिळे. पुढें पुढें मात्र गर्दीस सरसकट वांटपही होऊं लागलें. दक्षिणेमुळें वेद, व्याकरण, न्याय, धर्मशास्त्र ह्यांचें अध्ययन टिकलें, आणि आज संग्राहकांच्या हातीं येणाऱ्या कित्येक पोथ्या ह्याच आश्रयाखालीं लिहिल्या गेल्या असल्या पाहिजेत, हें आम्ही कृतज्ञतेनें मान्य करतों. परंतु दक्षिणा हा विद्यासंपन्नाचा सत्कार आहे; विद्यार्थ्याच्या शाळेचा खर्च नव्हे. शिकून झालेल्यास ती मिळे, शिकूं लागणाऱ्यास नव्हे. आणि ती एका वर्णापुरती होती. एल्फिन्स्टन साहेबांनीं तींत कपात केली आणि इ. स. १८२१ सालीं विश्रामबाग वाड्यांत संस्कृत पाठशाळा काढली, तेव्हांही पैसा वरच्या विद्येकडेच राहिला. इ. स. १८५१ सालीं दक्षिणा प्राइझ कमिटी निघून मराठी ग्रंथकारांस ह्या फंडांतून बक्षिसें मिळूं लागलीं. त्यासाठीं लोकहितवादी प्रभृति मंडळींस अर्ज करावा लागला व जुन्या शास्त्रीमंडळींचा रोष पत्करावा लागला.

मग पेशवाईंत व इंग्रजीच्या आरंभीं गांवचीं मुलें शिकत होतीं तीं कोणाच्या पैशानें? उत्तर एकच : पालकांच्या. इ. स. १८२९ च्या सुमाराच्या सरकारी गणनेंत मुंबई इलाख्यांत १,७०५ शाळा व ३५,१५३ विद्यार्थी नोंदले आहेत. त्यांपैकीं सरकारी खर्चानें चालणाऱ्या शाळा फक्त २५ व त्यांतील मुलें १,३१५. बाकीच्या १,६८० शाळा पंतोजींच्या. लोकसंख्या ४६,८१,७३५ धरली तर १३३ माणसांमागें एक विद्यार्थी पडतो. घरीं शिकणारीं मुलें ह्या गणनेंत आलीं नाहींत व कित्येक शाळाही सुटल्या, असा आक्षेप रा. वि. परुळेकर यांनीं सप्रमाण घेतला आहे, आणि तो आम्हांस पटतो. ह्या शाळांत मुली व अस्पृश्य मानलेल्या जातींचीं मुलें जवळ जवळ नव्हतीं, हेंही त्याच कागदांवरून दिसतें.

पंतोजी देवळांत, धर्मशाळेंत किंवा एखाद्या गृहस्थाच्या ओसरीवर शाळा भरवी. मूळाक्षरें, बाराखड्या, मोडीचें वळण, पाढे, पावकी-निमकी, पत्रांचे मायने, हा त्याचा अभ्यासक्रम. मोबदला थोडा रोख, थोडा धान्यरूपानें, सणावारीं कांहीं शिधा किंवा वस्त्र. त्याचें नांव सरकारी दप्तरांत सहसा सांपडत नाहीं, कारण सरकार त्यास कांहीं देत नव्हतें. विलायतेंतही हाच प्रकार होता. तेथें एखादी वृद्ध बाई आपल्या स्वयंपाकघरांत आठवड्यास कांहीं पेन्स घेऊन पोरें सांभाळी व अक्षरें शिकवी. तिचाही हिशेब पार्लमेंटाच्या कागदांत नाहीं. दोन्ही देशांतील प्राथमिक शिक्षणाचा खरा खर्च ह्या घरगुती व्यवहारांत दडलेला आहे. तो मोजावयाचा तर ज्या रुमालांस संग्राहक बहुधा हात लावीत नाहींत ते सोडले पाहिजेत : सावकारांच्या व देशमुख-कुळकर्ण्यांच्या घरच्या रोजकीर्दी, ज्यांत 'पंतोजीस दिले' अशी आठ आण्यांची नोंद असते. रोजकीर्द ही रद्दी, आणि पोथी तेवढी धन, ही समजूत आमच्यांतील जाणत्यांतही आहे. एकेका गांवच्या अशा पन्नास नोंदी कोणी एकत्र केल्या तर वरील सरकारी गणनेपेक्षां त्यांचें मोल अधिक ठरेल.

आतां दोन्ही सरकारांच्या रकमा लोकसंख्येशीं ताडून पाहूं. इंग्लंड-वेल्सची लोकसंख्या १८३१ सालीं सुमारें १ कोटी ३९ लक्ष होती. वीस हजार पौंडांचे ४८ लक्ष पेन्स होतात, म्हणजे माणशीं पेनीचा तिसरा हिस्सा. रुपया स्थूलमानानें दोन शिलिंगांचा धरल्यास दक्षिणाफंडाच्या पन्नास हजारांचे १२ लक्ष पेन्स झाले; वरील लोकसंख्येवर माणशीं पेनीचा चौथा हिस्सा. दोन्ही आंकडे किती जवळ आहेत पहा! आरंभीं दोन सरकारांच्या हातांत मोठें अंतर नव्हतें. फरक होता तो पैशाच्या दिशेंत. तेथें तो खालच्या पायरीवर ठेवला गेला, येथें वरच्या.

दिशेप्रमाणेंच वाढही झाली. विलायतेंत १८३९ सालीं ही रकम तीस हजार पौंड झाली व देखरेखीस प्रिव्ही कौन्सिलची समिति नेमली गेली. हा प्रस्ताव अवघ्या दोन मतांनीं तरला. १८६२ पर्यंत ती आठ लक्ष तेरा हजारांवर गेली, म्हणजे माणशीं आठ-दहा पेन्स. एवढ्या वाढीनें खजिन्याचे डोळे विस्फारले आणि रॉबर्ट लो यांनीं त्याच सालीं नवी नियमावली आणली. वर्षअखेर इन्स्पेक्टरनें येऊन प्रत्येक मुलाची वाचन, लेखन व गणित ह्यांत परीक्षा घ्यावी. हजेरीचे माणशीं चार शिलिंग व उत्तीर्ण झालेल्या प्रत्येक विषयाचे दोन शिलिंग आठ पेन्स शाळेस मिळावेत. तीन वर्षांत खर्च सहा लक्ष छत्तीस हजारांवर उतरला. मुलें वाचनपुस्तक उलटें धरूनही धडा घडाघडा म्हणूं लागलीं, असें त्या काळच्या टीकाकारांनीं लिहिलें आहे. आम्ही पस्तीस वर्षें फळ्यासमोर काढलीं आहेत. मास्तराचा पगार पोराच्या जिभेवर टांगला म्हणजे दुसरें काय होणार? मॅथ्यू आर्नल्ड हे स्वतः इन्स्पेक्टर असूनही ह्या पद्धतीचे कट्टे विरोधक होते. तरीसुद्धां ती खाजगी शाळांच्या अनुदानासाठीं १८६५-६६ सालीं मुंबई इलाख्यांत आणली गेली, आणि हंटर कमिशननें प्राथमिक शाळांसाठीं तिची शिफारस केली. विलायतेंत ती १८९० नंतर मोडकळीस आली. येथें १९०४ च्या सरकारी ठरावापर्यंत टिकली. टाकाऊ ठरलेलें यंत्र येथें पाठविण्याची रीत शिक्षणखात्यांतही होती, असें म्हणावें लागतें.

लोच्या नियमांनीं वाढ थांबली ती थोडा काळ. इ. स. १८७० च्या फोर्स्टरच्या कायद्यानें, जेथें शाळा पुरेशा नाहींत तेथें लोकांनीं निवडलेलें स्कूल बोर्ड स्थापावें व त्यानें स्थानिक घरपट्टीवर शिक्षणाचा भार बसवावा, असें ठरविलें. १८८० सालीं दहा वर्षांपर्यंत हजेरी सक्तीची झाली, आणि १८९१ सालीं दर मुलामागें दहा शिलिंग देऊन सरकारनें बहुतेक ठिकाणची फी संपविली. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही, कीं पट्टी देणारा व बोर्ड निवडणारा माणूस एकच होता.

मुंबई इलाख्याच्या वाटेवर ह्याच गोष्टीचा अभाव दिसतो. बोर्ड ऑफ एज्युकेशननें १८५० नंतरच्या दोनचार वर्षांत एक चांगली योजना काढली होती. ज्या गांवास शाळा हवी त्यानें जागा व मास्तराचा निम्मा पगार द्यावा, उरलेला निम्मा सरकार देईल. ही १८३३ च्या विलायती नियमाची धाकटी बहीणच होय. पुढें १८५४ च्या वुडच्या खलित्यानें बहुजनशिक्षण हें सरकारचें कर्तव्य मानून अनुदानाची पद्धति सर्वत्र लागू करण्यास सांगितलें. परंतु १८५९ सालच्या स्टॅन्लेच्या खलित्यानें प्राथमिक शाळांपुरता हा मार्ग सोडला. गांवकऱ्यांकडून वर्गणी मिळविणें कठीण व अधिकाऱ्यांस कमीपणा आणणारें आहे, त्यापेक्षां जमिनीवर सक्तीची पट्टी बसवावी, असें त्यांत सुचविलें. त्याप्रमाणें १८६३ पासून मुंबई इलाख्यांत साऱ्याच्या रुपयामागें एक आणा लोकल फंड घेण्यास आरंभ झाला व १८६९ च्या तिसऱ्या कायद्यानें त्यास कायदेशीर रूप आलें. ह्या आण्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे चार पै, शिक्षणाकडे जावयाचा.

चार पैंनीं शाळा वाढल्या, हें नाकारतां येत नाहीं. आमच्या इलाख्यांतील गांवोगांवच्या मराठी शाळांचा पाया ह्याच पैशावर रचला गेला. पण हा पैसा सरकारचा नव्हे, रयतेचा. आणि तो कोठें खर्चावा हें सांगण्याचा अधिकार रयतेस नव्हता. जोतीराव फुले यांनीं १८८२ च्या आक्टोबरांत हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनाचा रोंख नेमका येथें आहे. सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग कुणब्याच्या श्रमांतून येतो, वरचे वर्ग त्यांत फारसें घालीत नाहींत, आणि शिक्षणाचा लाभ मात्र त्यांसच होतो. पट्टी घेऊनही इलाख्यांतील दहांपैकीं नऊ गांवें व सुमारें दहा लक्ष मुलें शाळेवांचून आहेत, असें त्यांनीं मांडलें. हें निवेदन हिशेबाचा कागद म्हणून वाचावें, अशी आमची संशोधकांस विनंति आहे. त्यांत रागाइतकाच जमाखर्च आहे. कमिशननें स्थानिक फंडावर प्राथमिक शिक्षणाचा जवळ जवळ संपूर्ण हक्क मान्य केला, परंतु प्रांतिक तिजोरींतून किती द्यावयाचें ह्यास पक्कें माप लावून दिलें नाहीं.

ह्या सर्वांचा परिणाम नामदार गोखले यांनीं ता. १६ मार्च १९११ रोजीं वरिष्ठ कायदेमंडळांत सक्तीच्या शिक्षणाचें बिल मांडतांना आंकड्यांनीं दाखविला. प्राथमिक शिक्षणावर माणशीं खर्च इंग्लंड-वेल्समध्यें दहा शिलिंग. हिंदुस्थानांत जेमतेम एक पेनी. शाळेंत जाणाऱ्यांचें प्रमाण येथें लोकसंख्येच्या शेंकडा १·९. तेव्हां रुपया एक शिलिंग चार पेन्सांचा होता, म्हणून एक पेनी म्हणजे बरोबर एक आणा. १८३३ च्या पेनीचे मात्र आठ पै होत होते. जुने व नवे आंकडे ताडतांना हें ध्यानांत न घेतल्यास फसगत होते.

एकशें वीस पेन्स व एक पेनी, हें अंतर डोळे दिपविणारें आहे. पण देशांच्या ऐपतींतही अंतर होतें, हें विसरून चालणार नाहीं. लॉर्ड कर्झन यांनीं १९०१ सालीं सांगितलेलें हिंदी माणसाचें वार्षिक उत्पन्न तीस रुपये, म्हणजे ४८० पेन्स. त्यांतून एक पेनी शिक्षणास, म्हणजे ४८० वा भाग. विलायतेंत माणशीं उत्पन्न चाळीस पौंडांच्या वर होतें. त्यांतून दहा शिलिंग म्हणजे सुमारें ८० वा किंवा ९० वा भाग. एवंच दारिद्र्याचा हिशेब वजा केला तरी अंतर पांच-सहापट उरतें. हें उरलेलें अंतर दारिद्र्याच्या खातीं टाकतां येत नाहीं. तें धोरणाचें आहे. १८३३ सालीं तें नव्हतें, हें वर दाखविलेंच आहे.

गोखल्यांच्या बिलाची घडण ह्या दृष्टीनें वाचली म्हणजे त्यांना रोगाचें मूळ कळलें होतें, अशी खात्री पटते. सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती सक्ती; जेथें ठराविक प्रमाणांत मुलें आधींच शाळेंत जात असतील अशाच म्युनिसिपालिट्या व लोकल बोर्डें ह्यांस ती लागू करण्याची मोकळीक; स्थानिक संस्थेस शिक्षणपट्टी बसविण्याचा अधिकार; आणि खर्चाचा दोन तृतीयांश सरकारनें व एक तृतीयांश संस्थेनें सोसावा, अशी विभागणी. गांवाच्या पैशास सरकारी पैशाची जोड, हें १८३३ चें तत्त्वच त्यांनीं येथील ऐपतीस साजेल अशा प्रमाणांत घेतलें होतें. लोकांस सक्ती आवडणार नाहीं व पैसा नाहीं, असे दोन आक्षेप सरकारपक्षानें घेतले. पहिल्यास बडोद्याचें उत्तर तयार होतें. सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेली प्रांतांत व १९०६ सालीं सर्व राज्यांत सक्ती केली होती. ता. १९ मार्च १९१२ रोजीं बिल ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेटाळलें गेलें.

पुढें १९१८ सालीं दोन्हीकडे कायदे झाले. विलायतेंत फिशरच्या कायद्यानें चौदा वर्षांपर्यंत सक्ती केली, प्राथमिक शाळांतील उरलीसुरली फी बंद केली आणि स्थानिक संस्थांच्या मान्य खर्चाचा निदान निम्मा भाग मध्यवर्ती सरकारनें द्यावा, असें बांधून दिलें. मुंबई इलाख्यांत विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें झालेल्या कायद्यानें, मुंबई शहराबाहेरील एखाद्या म्युनिसिपालिटीनें ठराव केल्यास व सरकारनें मंजुरी दिल्यास, तिला आपल्या हद्दींत सक्ती करतां येईल, असें ठरविलें. खेड्यांतील रयत, जिच्या साऱ्यावर चार पैंची पट्टी तोंपर्यंत अर्धें शतक चालू होती, ती ह्या कायद्याच्या कक्षेंत आली नव्हती.